टकमक कोण बघतं, रोखून कोण?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. एका इंग्रजी कादंबरीचा अनुवाद करताय, तिच्यात ‘गॉक’ हे क्रियापद पुन्हा पुन्हा येतं. कोशात त्याच्यापुढे ‘टक लावून पाहणे’ लिहिलंय, ‘स्टेअर’पुढे तेच आणि ‘गेझ’पुढेही जवळपास तेच. मग फरक दाखवायचा कसा? आणि समोरच्याकडे उघडउघड, बिनदिक्कत बघत राहण्याला मराठीत एक सुटसुटीत क्रियापद का नाही?

दुसऱ्या भागाचं उत्तर आधी देतो, कारण तेवढं कळलं की पहिला अर्धा सुटतो. असं एक क्रियापद नाही, आणि शोधत बसू नका. पंचवीसेक वर्षं अनुवाद करून आणि दुसऱ्यांचे अनुवाद तपासून माझं मत असं झालंय की मराठीत ‘बघणे’ आणि ‘पाहणे’ ही दोन साधी क्रियापदं सगळा भार वाहतात आणि बघण्याची तऱ्हा शेजारच्या शब्दात असते. टक लावून, एकटक, टकमक, रोखून, डोळे फाडून, आ वासून, खाली-वर, मख्खपणे. शेजारचा शब्द बदलला की बघणाऱ्याचा अख्खा स्वभाव बदलतो. म्हणून इंग्रजी शब्द कोणता आहे हे मी फार वेळ बघत नाही. बघणाऱ्याच्या मनात काही आहे की नाही, आणि ज्याच्याकडे बघतोय त्याला ते कसं लागतंय, एवढं आधी ठरवतो.

‘टक’पासून सुरुवात करू, कारण सगळा घोळ तिथेच आहे. टक हे स्त्रीलिंगी नाम. त्याने टक लावली, तिची टक लागली. जुना शब्द आहे. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशातही तो भेटतो, आणि त्या कोशाची दुसरी आवृत्तीच मुळी १८५७ची. आता बघा, टक ‘लावावी’ लागते. म्हणजे लावणारा आहे, त्याला काहीतरी हवं आहे. आणि ती कशाकडे तरी लावावी लागते, म्हणजे समोर काही ठरलेलं आहे. मांजर उंदराच्या बिळाकडे टक लावून बसतं. एसटी स्टँडवर बाई ज्या फाट्यावरून गाडी वळणार त्या फाट्याकडे टक लावते. लहानपणी दुसऱ्यांकडे पंगतीला गेलो आणि शेजारच्याच्या ताटातल्या जिलबीकडे माझी टक लागली की आई पाटाखालून मांडीला चिमटा काढायची. त्याच्या पोटात दुखेल, दृष्ट लागेल, असं म्हणायची. दृष्ट लागायला नजरेत इच्छा असावी लागते, आणि टक लावण्यात ती असतेच.

हाच शब्द जोर घेऊन ‘टक्क’ होतो आणि अंथरुणात येतो. ‘रात्रभर टक्क जागी होते.’ तिथे समोरचं लक्ष्य गळून जातं, नुसते उघडे डोळे उरतात. म्हणून ‘टक्क’ आणि ‘टक लावून’ यांची अदलाबदल होत नाही, जरी कोशात ते शेजारी शेजारी असले तरी.

‘टकमक’मध्ये मात्र इच्छा नाही. डोळे उघडे, बहुधा तोंडही उघडं, आणि मनात काही नाही. असलंच तर न कळल्याचं एक कोडं. हा फरक मला पुस्तकातून कळला नाही, एका लेखकाने शिकवला. सातारा भागातल्या एका ग्रामीण कथाकाराचा संग्रह माझ्याकडे संपादनाला होता. त्यात मेंढपाळाचं पोर बापाबरोबर पहिल्यांदा पुण्यात येतं आणि एका इमारतीत लिफ्टसमोर उभं राहतं. लेखकाने लिहिलं होतं, ‘पोरगं लिफ्टच्या दाराकडं टकमक बघत हुतं.’ मी हुशारी केली, ‘टकमक’ खोडून ‘टक लावून’ केलं. टकमक मला पोरकट वाटला होता. मुद्रितं बघून त्यांचा फोन आला. म्हणाले, “अहो, टक लावाय त्या पोराला लिफ्टकडनं काय पाहिजे हुतं? दार उघडतंय, आतली माणसं बदलत्यात, त्याला काय कळंना म्हणून ते बघतंय.” मी निमूटपणे टकमक परत आणला. गेली कित्येक वर्षं कुठेही ‘टक लावून’ लिहिलं की मी मनातल्या मनात विचारतो, याला त्या वस्तूकडून काय पाहिजे आहे?

टकमकची भावंडं आहेत. ‘टकामका’ हे तेच, बोलण्यातलं, जरा घाईचं. ‘टुकुटुकु’ आणखी लहान डोळ्यांचं. पाळण्यातलं बाळ टुकुटुकु बघतं, जाळीमागचा ससा बघतो, पण हवालदार टुकुटुकु बघत नाही, आणि बघितलं तर वाचक हसेल. ‘लुकुलुकु’मध्ये डोळ्यांची चमक आणि हालचाल आहे, ‘भिरभिर’मध्ये नजर एका जागी ठरतच नाही, ही दोन्ही तुमच्या कामाची नाहीत. शहरातल्या मुलांची एक वेगळीच अडचण होते. त्यांना हा शब्द आधी रायगडावरच्या टकमक टोकामुळे भेटलेला असतो, त्यामुळे टकमक म्हटलं की त्यांना बघणं आठवत नाही, कडेलोट आठवतो.

टकमक आणि टक यांतला फरक सुशिक्षितांचा खेळ आहे असं कुणाला वाटत असेल तर माझी एक चूक सांगतो. लहान मुलांच्या फिट्सविषयी पालकांना द्यायची एक प्रश्नावली इंग्रजीतून मराठीत करायचं काम माझ्याकडे आलं होतं. एक प्रश्न ‘स्टेअरिंग स्पेल्स’चा होता. मी लिहिलं, ‘तुमचे मूल टक लावून पाहते का?’ तीन-चार आठवड्यांनी डॉक्टरांनी बोलावून घेतलं. भरलेल्या कागदांचा गठ्ठा पुढे ठेवला. जवळजवळ प्रत्येक कागदावर ‘हो’वर खूण. एका आईने तर शेजारी बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘कार्टून लागले की.’

तिचं काहीच चुकलं नव्हतं. टक लावायला समोर काहीतरी लागतं आणि तिच्या मुलासमोर टीव्ही होता. डॉक्टरांना विचारायचं होतं ते अगदी उलट. मिरगीचा एक प्रकार असा असतो की त्यात मूल पडत नाही, हातपाय झाडत नाही. बोलता बोलता, घास घेता घेता एकदम थांबतं, काही सेकंद, बहुतेक वेळा दहा-पंधराच्या आतच. डोळे उघडे, कधी पापण्या फडफडतात. हाक मारली तरी ओ देत नाही. आणि मग जणू काही झालंच नाही असं अर्धवट राहिलेलं वाक्य पुढे चालू करतं. वर्गात बाईंना वाटतं याचं लक्ष नाही. या बघण्यात टकही नाही आणि टकमकही नाही, कारण बघणाराच तेवढा वेळ घरात नसतो. मराठीत याला ‘शून्यात बघणे’ म्हणतात, आणि नेमका तोच शब्द मला सुचला नव्हता. दुरुस्त केलेला प्रश्न असा झाला: ‘खेळताना किंवा बोलताना मूल मधेच थांबून शून्यात बघत राहते का? त्या वेळी हाक मारली किंवा अंगाला हात लावला तरी भान येत नाही, असे होते का?’ इंग्रजीतल्या दोन शब्दांना दोन अख्खी वाक्यं लागली. लागू द्यावीत.

आता ‘रोखून’. यात गंमत अशी आहे की तोच शब्द हत्याराला वापरतात. बंदूक रोखतात, भाला रोखतात, नजर रोखतात. म्हणून रोखून बघण्याचा अनुभव बघणाऱ्यापेक्षा ज्याच्यावर नजर आहे त्याला जास्त येतो. तपास करणारा फौजदार रोखून बघतो, भांडण पेटायच्या आधी दोघे एकमेकांकडे रोखून बघतात, आणि मुलीच्या खोलीतून उशिरा आलेल्या उजेडाचं कारण विचारताना बापही. ‘रोखून काय बघतोस?’ हे आव्हान आहे. ‘टकमक काय बघतोस?’ ही फार तर टपली. कादंबरीत पात्र अस्वस्थ होऊन मान खाली घालत असेल तर तिथे टकमक चालणारच नाही, इंग्रजी क्रियापद काहीही असो. एक धोका मात्र अलीकडे वाढलाय. वर्तमानपत्रांनी ‘रोखणे’ हे ‘थांबवणे’ याच अर्थी इतकं वापरलंय, गाडी रोखली, मोर्चा रोखला, की ‘तिने नजर रोखली’ हे वाक्य माझ्या एका विद्यार्थ्याने ‘तिने बघणं आवरलं’ असं वाचलं. त्यामुळे मी आता ‘नजर रोखून पाहिलं’ असं पूर्ण लिहितो.

डोळे वटारणे याला बघण्यात धरू नका. तो इशारा आहे, क्षणात होतो, आणि वटारणाऱ्याच्या अंगी तेवढा अधिकार लागतो. आई वटारते, मास्तर वटारतात. धाकट्या भावाने वटारले तर ते विनोदी होतं.

इथे व्याकरणाची एक जागा सांगतो, कारण तुमच्या पाठवलेल्या पानांत ती दोनदा चुकलीय. टक ‘कडे’ लागते: तिच्याकडे टक लावली. नजर ‘वर’ रोखतात: तिच्यावर नजर रोखली. पण न्याहाळणे आणि निरखणे यांना सरळ कर्म लागतं: तिला न्याहाळत होता, तिचा चेहरा निरखत होता. ‘तिच्याकडे न्याहाळत होता’ हे कानाला खुपतं, तरी छापील पुस्तकांत हल्ली सर्रास दिसतं. ‘तिच्याकडे निरखून पाहिलं’ बरोबर आहे, कारण तिथे ‘कडे’ हे ‘पाहिलं’चं आहे, निरखण्याचं नव्हे. निरखणे हे संस्कृत निरीक्ष्-मधून आलंय, जसं परीक्ष्-मधून पारखणे. त्या शब्दात तपासणी आहेच. सोनार बांगडी निरखतो. न्याहाळण्यात तपासणीपेक्षा जिव्हाळा जास्त. लेक सासरहून आल्यावर आई तिला न्याहाळते, वाळलीय का, रंग उतरलाय का. आता तुमचं वाक्य: ‘टोळकं त्या परदेशी बाईला न्याहाळत होतं.’ टोळक्याच्या नजरेत मायाही नाही आणि तपासणीही नाही. वाचक एक क्षण त्या टोळक्याविषयी बरं मत करून घेईल आणि पुढच्या ओळीत गोंधळेल.

वेळ किती, हे मराठी कसं सांगते? सहायक क्रियापदाने. ‘बघितलं’ म्हणजे झालं. ‘बघत राहिला’ म्हणजे नजर हटली नाही. ‘बघतच राहिला’मधल्या त्या ‘च’ने अचंबा येतो, माणूस थिजतो. ‘बघत बसला’ यात दोष येतो: काहीतरी करायला हवं होतं, केलं नाही. ही तीन रूपं नीट वापरली तर पुष्कळदा टक, टकमक काहीच लागत नाही. ‘दिवाणखाना बघून तो बघतच राहिला’ यात उघडे डोळे, थांबलेले पाय, सगळं आलं. मी तर म्हणेन की इंग्रजीतल्या अशा क्रियापदांपैकी निम्म्यांचं काम ‘राहणे’ आणि ‘बसणे’ हीच दोन करतात, आणि नवे अनुवादक नेमकी तीच विसरून क्रियाविशेषणांची रास घालतात.

नागपूरकडच्या पात्रांना मात्र जपून. तिकडे ‘पाहून राहिला’ म्हणजे नुसतं ‘पाहतो आहे’. ‘काय पाहून राहिला बे?’ यात टक नाही, रोखणंही नाही. साधा वर्तमानकाळ आहे, ‘जेवून राहिलो’, ‘येऊन राहिलो’ तसाच. पुण्यातल्या एका संपादकीय टेबलावर ‘तो माझ्याकडे पाहून राहिला’ हे वऱ्हाडी पात्राचं वाक्य ‘तो माझ्याकडे पाहतच राहिला’ असं ‘शुद्ध’ झालेलं मी पाहिलंय. एवढ्याशा बदलाने माणूस प्रेमात पडला.

तुमच्या कादंबरीत ऑफिसातला जो प्रसंग आहे, तिथे जरा थांबा. वरिष्ठ त्या मुलीकडे ज्या रीतीने बघतो त्याला तुम्ही ‘टक लावून बघणे’ लिहिलंय. इंग्रजीत तिथे ‘ओगल’, म्हणजे वासनेने बघणं, असणार असं मी गृहीत धरतो. मराठी बोलणाऱ्या बाया याला सरळ शब्द वापरतात: ‘खालून वर बघतो’, ‘त्याची नजर चांगली नाही’, ‘नजरेनं खातो’. या शब्दांना हात लावू नये. २०१३ सालचा कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाचा कायदा आल्यानंतर तक्रारींचे मराठी जबाब इंग्रजीत करून देण्याची कामं माझ्याकडे येऊ लागली. त्या कायद्याच्या व्याख्येत शारीरिक आणि शाब्दिक वागण्याबरोबर शब्दांवाचूनचं, लैंगिक स्वरूपाचं नकोसं वागणंही येतं, त्यामुळे कसं बघितलं याला महत्त्व आहे. एका जबाबात बाईने सांगितलं होतं, “साहेब खालून वर बघतात, बोलताना तोंडाकडे बघतच नाहीत.” लिहून घेणाऱ्याने प्रमाण मराठीत आणताना केलं, ‘साहेब माझे निरीक्षण करतात.’ माझ्यापर्यंत आलं ते हेच वाक्य. मी ते जसंच्या तसं इंग्रजीत नेलं असतं तर साहेब चांगले पर्यवेक्षक ठरले असते. सुदैवाने जबाबासोबत तिने स्वतःच्या हाताने लिहिलेला अर्ज जोडलेला होता. मी तक्रार ऐकणाऱ्या समितीला कळवलं, मूळ शब्द परत आले. ‘तोंडाकडे बघतच नाहीत’ यात जे होतं ते ‘टक’, ‘निरीक्षण’, ‘कटाक्ष’ यांपैकी कशातच नाही. कटाक्ष तर उलटाच: तिरका, चोरटा, क्षणाचा. इथलं बघणं राजरोस होतं, आणि राजरोस हा शब्द अशा जागी मला फार आवडतो.

तरुण पात्रांच्या तोंडी हिंदी येणार, त्याला इलाज नाही, आणि असावाही असं मला वाटत नाही. पण दोन शब्द सांभाळा. मुंबईतली पोरं ‘तो तिला ताडतोय’ म्हणतात, ते हिंदीतून आलेलं. मराठीत ताडणे म्हणजे ओळखणे, अंदाज बांधणे. ‘तिच्या मनातलं त्याने ताडलं.’ निवेदनात ‘तो तिला ताडत होता’ लिहाल तर निम्मे वाचक त्याला मनकवडा समजतील. संवादात ठेवा, निवेदनात नको. दुसरा ‘घुरणे’. हिंदीत ‘घूरना’ म्हणजे रागाने किंवा वाईट नजरेने बघणं. मराठी कानाला मात्र ‘घुरतोय’ ऐकलं की घुरघुरणारं कुत्रं आठवतं, नाहीतर शेजारच्या बर्थवर घोरणारा माणूस.

आता खुद्द ‘गॉक’. या शब्दात तीन गोष्टी आहेत: बघणं उघड आहे, ते जरा बावळट आहे, आणि बोलणाऱ्याला ते आवडलेलं नाही. बावळटपणा तर त्यात नाम म्हणूनही आहे, वेंधळ्या माणसाला इंग्रजीत तोच शब्द लावतात, आणि ताडमाड वाढलेल्या, हातापायांचं काय करावं हे न कळणाऱ्या पोराला ‘गॉकी’. ब्रिटिश लोक त्याच अर्थाने ‘गॉप’ म्हणतात. पहिल्या दोन गोष्टी टकमकमध्ये आहेत, तिसरी नाही. आपल्याकडे बघणं हा फारसा गुन्हाच नाही. पॅसेंजर गाडीत समोरचा माणूस लोणावळ्यापासून दौंडपर्यंत तुमच्या डब्यातल्या पोळीभाजीकडे, मग तुमच्या पुस्तकाकडे, मग तुमच्याकडे बघत येतो आणि उतरताना ‘बराय’ म्हणतो. यात अपमान कुणी धरत नाही. त्यामुळे इंग्रजी लेखकाने क्रियापदात घातलेला दोष मराठीत आपोआप येत नाही, तो बाहेरून घालावा लागतो: बावळटासारखं, लाज सोडून, मख्खासारखं.

पण एका ठिकाणी मराठीने इंग्रजीवर मात केलीय. अशा बघणाऱ्या माणसाला आपल्याकडे स्वतंत्र नाम आहे: बघ्या. इतकं छोटं, आणि इतकं तुच्छतेने भरलेलं. बघ्यांची गर्दी जमली, पोलिसांनी बघ्यांना हटवलं, प्रशासनाने बघ्याची भूमिका घेतली. बघ्याला काही देणंघेणं नसतं, तो मदतही करत नाही आणि जातही नाही. घाटात अपघात झाला की पलीकडच्या लेनमधल्या, ज्यांचा रस्ता मोकळा आहे अशा गाड्याही हळू होतात, काचा खाली येतात, आणि तिकडेही कोंडी होते. ती कोंडी बघ्यांची असते. पूर्वी मदत करणाऱ्याला पोलिसांच्या चौकशीचं भय असायचं, म्हणून लोक नुसते उभे राहतात असं म्हणता यायचं. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने मदत करणाऱ्यांना संरक्षण दिलं, २०१९च्या दुरुस्तीने ते मोटार वाहन कायद्यातही आलं. बघे आहेत तिथेच आहेत, फक्त आता त्यांच्या हातात मोबाइल आहे आणि ते पडद्यातून बघतात. तुमच्या सातव्या प्रकरणात आगीच्या वेळी जमलेला जमाव आहे ना? तिथे ‘लोक टक लावून आगीकडे पाहत होते’ असं एक वाक्य आहे. ‘बघ्यांची गर्दी वाढत होती’ एवढंच करा. क्रियापद गेलं, नाम आलं, आणि मूळ लेखकाची नापसंतीही आली.

एक मोह टाळा, संस्कृताचा. सौंदर्य, चंद्र, प्रेयसी असं काही आलं की ‘अनिमिष नेत्रांनी’, ‘निर्निमेष दृष्टीने’ असं लिहावंसं वाटतं. निमिष म्हणजे पापणी लवायला लागणारा वेळ, आणि अनिमिष हे देवांचं विशेषण, कारण देवांच्या पापण्या लवत नाहीत. महाभारतातल्या दमयंतीच्या स्वयंवरात नलाचंच रूप घेऊन चार देव उभे राहिले तेव्हा तिने खरा नल ओळखला तो याही खुणेवरून: देवांना घाम नव्हता, हार कोमेजले नव्हते, पाय जमिनीला टेकले नव्हते आणि डोळे मिटत नव्हते. माणूस मिनिटाला पंधरा-वीसदा पापणी लववतो. लक्ष लागलं की कमी, पण लववतोच. बियरच्या बाटलीकडे बघणाऱ्या तुमच्या नायकाला देव करू नका. हठयोगातल्या त्राटकातसुद्धा बारीकशा लक्ष्याकडे बघत राहायचं ते डोळ्यांतून पाणी येईपर्यंतच.

आता तुम्ही पाठवलेली तीन वाक्यं. पर्यटक उंच इमारतीकडे बघतात ते: ‘माना वर करून, आ वासून’ बस्स झालं, क्रियापद नुसतं ‘बघत होते’. ‘डोळे फाडून’ नको, त्यात शोध किंवा अविश्वास येतो, अंधारात वाट शोधणारा डोळे फाडून बघतो.

दुसरं अवघड आहे: दुकानातला मुलगा नायिकेच्या गालावरच्या भाजल्याच्या खुणेकडे बघतो, आणि ती त्याला काही बोलत नाही. तुम्ही ‘रोखून’ लिहिलंत. तो मुलगा नऊ वर्षांचा आहे, त्याच्या नजरेत हत्यार नाही. पण नुसतं ‘टकमक’ केलं तर तिला काय वाटलं ते जातं. मी दोन वाक्यं करेन: ‘पोरगा तिच्या गालाकडे टकमक बघत होता. तिने ओढणी पुढे घेतली.’ मुळात ओढणी नाही, स्कार्फ आहे, हे मला दिसतंय, स्कार्फच ठेवा.

तिसरं वाक्य, उलटलेल्या हातगाडीजवळचं, म्हातारी जमावावर ओरडते ते. तुम्ही केलंय, ‘टक लावून पाहणे थांबवा आणि मला मदत करा!’ हातगाडी उलटलेली बाई असं बोलत नाही. ती म्हणेल, “बघत काय बसलायत मेल्यांनो, हात लावा की!”